एक प्रामाणिक यंत्र

लोकरीच्या लडीला दोन हात लागतात, आणि ते विणणाऱ्याचे स्वतःचे असून चालत नाहीत. या एवढ्याशा अडचणीपायी आमच्या घरातली शांतता, जेवणाच्या टेबलाची एक कड आणि माझी उरलीसुरली प्रतिष्ठा खर्ची पडली, हे मी आरंभीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कोणाला हसू आलेच, तर ते माझ्या परवानगीने येईल.

ज्यांनी कधी टकळी हातात धरली नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. हाताने कातलेली लोकर लगेच विणायला घेता येत नाही. तिच्यात पीळ भरलेला असतो, आणि नुकता पीळ भरलेल्या कोणत्याही जिवाशी लगेच बोलायला जाऊ नये. तिची लडी करायची, कोमट पाण्यात बुडवायची, सावलीत टांगायची आणि ती शांत झाली की लडीचा गुंडा करायचा. लडीवरूनच थेट विणायला बसलेला माणूस मी आयुष्यात एकदाच पाहिला. तो मी होतो आणि मला कात्रीने सोडवावे लागले. गुंडा करायचा तर समोर कोणीतरी बसून, दोन्ही हात पुढे करून, लडी त्यांवर ताणून धरावी लागते. बेड्या घालण्यापूर्वी हात पुढे करायला लावतात तसेच. माझ्या घरी ही शिक्षा अप्पा भोगत. अप्पा म्हणजे माझे वडील.

मी महाविद्यालयात कविता शिकवतो आणि संध्याकाळी घरी येऊन विणतो. यातल्या पहिल्या गोष्टीविषयी शेजाऱ्यांना काही म्हणायचे नसते; दुसरीविषयी पुष्कळ असते. समोरच्या घरातले विमावाले (ते विमा विकतात, म्हणून सगळी इमारत त्यांना विमावाले म्हणते) माझ्या हातातल्या सुया पाहून एकदा कळवळून म्हणाले होते, "सर, काही त्रास आहे का? म्हणजे, डॉक्टरांनी वगैरे सांगितलंय का?" मी म्हणालो, "नाही, आनंदासाठी." त्यानंतर ते माझ्याशी अधिकच हळू आवाजात बोलू लागले.

त्या वर्षी थंडीपूर्वी अप्पांसाठी स्वतः कातलेल्या लोकरीचा स्वेटर विणायचा, असा मी संकल्प सोडला. संध्याकाळी चहा झाला की अप्पा बाल्कनीतल्या वेताच्या मोड्यावर येऊन बसत, बाह्या दुमडत आणि हात पुढे करत. मी लडी चढवी. आणि अप्पा सुरू करत, "तेव्हा मी नोकरीत नवा होतो."

अप्पांची सारी नोकरी वजनमापे खात्यात गेली. दुकानांचे तराजू तपासायचे, खोटी वजने जप्त करायची. त्यांची गोष्ट एकच. वस्तीच्या टोकाला एक किराणा दुकान होते, तिथल्या तराजूविषयी तक्रार आली होती आणि नव्या निरीक्षकाला तपासणीला धाडले होते. त्यात पितळी वजनांच्या पेटीचे वर्णन असे. उधार आणलेली छत्री असे. "दुकानदाराच्या डोळ्यांत बघू नकोस, काट्याकडे बघ," असे बजावणारा हेडक्लार्क असे. लडी अर्ध्यावर येईतो अप्पा जेमतेम दुकानाच्या पायरीशी पोचलेले असत. मग तीन पायांची खुर्ची, मग पेटीचे अडकलेले कुलूप, मग एकेक वजन. "आणि काय सांगू तुला," अप्पा म्हणत, "तराजू चोख निघाला. एका दाण्याचा फरक नाही. मी दुकानदाराला म्हटलं, अभिनंदन. तर तो रडायला लागला!"

नेमका इथे गुंडा पुरा होई. "झालं, अप्पा. सोडा हात," मी म्हणे आणि सुया घेऊन आत पळे. दुसऱ्या दिवशी नवी लडी, आणि अप्पा पुन्हा छत्रीपासून. मी एकदा सुचवले होते, "अप्पा, तो रडला तिथूनच पुढे सांगा ना." ते दुखावून म्हणाले, "गोष्ट अशी मधूनच कशी सांगायची? तू कविता मधूनच शिकवतोस?" मी शिकवतो. पण ते त्यांना सांगितले नाही.

तर अशी ती दुकानदाराची आसवे कितीतरी संध्याकाळी हवेत लोंबकळत राहिली. तो का रडला, हे पुन्हा विचारायला माझ्यातला कवितेचा माणूस कचरे. शेवटाची हाव हे सामान्य वाचकाचे लक्षण आहे, असे मी वर्गात सांगत असतो. खरे कारण इतकेच होते की मला कंटाळा यायचा.

एके संध्याकाळी हात खाली घेताना अप्पांनी उजवा खांदा चोळला. एकदाच. पण मला तेवढे पुरले. ज्या गोष्टीची आपल्याला गरज असते तिच्यासाठी दुसऱ्याचे दुखणे सापडले, की मन कसे हलके होते! "अप्पांच्या खांद्यासाठी" मी लोकर गुंडाळायचे यंत्र मागवले. छत्रीच्या काड्यांसारखी उघडणारी चौकट, शेजारी हाताने फिरवायचे चाक, आणि चाकाच्या डोक्यावर किती लोकर गुंडाळली गेली ते दाखवणारी आकड्यांची चिमुकली खिडकी.

बायको म्हणाली, "अप्पांना विचारलंस का?"

"त्यांच्यासाठीच तर आणतोय."

"म्हणूनच म्हटलं, विचारलंस का."

बायको औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासते. तिच्या प्रश्नांना उत्तरे नसतात, फक्त शेरे असतात. मी दुर्लक्ष केले.

यंत्राचे पार्सल आले आणि टपाल कचेरीतच अडकले. मी चिठ्ठी घेऊन खिडकीशी गेलो. खिडकीमागच्या कारकुनाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"यात मापनयंत्र आहे."

"मापनयंत्र नाही हो. लोकर गुंडाळायचं यंत्र आहे."

"किती गुंडाळली ते दाखवतं?"

"दाखवतं."

"म्हणजे मोजतं. मोजतं म्हणजे माप. मापाला दाखला लागतो."

"पण मी काही विकणार नाहीये. स्वतःपुरतंच मोजणार."

"सर," कारकून अतिशय सौम्यपणे म्हणाला, "स्वतःला फसवायचं तरी प्रमाणित मापानंच फसवावं."

एवढे बिनतोड वाक्य मला वर्गात कधी सुचले नाही, आणि ते ऐकायला माझ्यामागे रांगेत माझेच दोन विद्यार्थी उभे होते.

इमारतीत बातमी पोचायला जिनाही पुरा लागला नाही. विमावाले म्हणाले, "सर, पार्सल परत पाठवा आणि सांगा की खेळणं आहे. खेळण्याला काही लागत नाही." मी विचारले, "आणि आकड्यांची खिडकी?" "त्यावर चिकटपट्टी लावा!" खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई, निवृत्त मुख्याध्यापिका, जिन्यात भेटल्या. त्या नातवासाठी टोपी विणत होत्या. निदान आम्हा सगळ्यांना ती टोपी आहे असे सांगण्यात आले होते. त्या म्हणाल्या, "यंत्र कशाला हवं तुम्हाला? घरात धडधाकट वडील आहेत की."

"त्यांच्या खांद्याला त्रास होतो, बाई."

"असं ते म्हणाले?"

गुणवत्ता तपासणारी माणसे या इमारतीत फार झाली आहेत.

दाखला जिथे मिळणार होता ते कार्यालय म्हणजे अप्पांचेच जुने खाते. मी एकटा गेलो. वडिलांची ओळख सांगून कामे करून घेणे माझ्या तत्त्वात बसत नव्हते. तत्त्व दुपारपर्यंत टिकले. तिथल्या साहेबांनी मला "उद्या या" न सांगता एकच प्रश्न विचारला: "लोकर ताणून मोजता की सैल?" आयुष्यभर शब्दांच्या छटा उलगडत आलो, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. "विचार करून या," साहेब म्हणाले.

घरी येऊन मी अप्पांना सगळे सांगितले. त्यांनी कपाटातून इस्त्रीचा सदरा काढला.

ते कार्यालयात शिरले तसे साहेब खुर्चीतून उठलेच. ते कधीकाळी अप्पांच्या हाताखाली पेटी उचलत असत. पार्सल मागवले गेले, उघडले गेले, आणि अप्पा आपल्या जुन्या टेबलाशी, आता दुसऱ्याच्या झालेल्या, त्या यंत्रासमोर बसले. त्यांनी चाक फिरवले. पट्टीने लोकर मोजली. खिडकीतला आकडा पाहिला. पुन्हा फिरवले, पुन्हा मोजले. इतक्या वर्षांनंतर त्यांच्या पाठीला तो जुना ताठपणा कुठून आला, ते मी पाहत राहिलो.

"ताणून की सैल, साहेब?" साहेबांनी अदबीने विचारले.

"सैल," अप्पा म्हणाले. "जिवंत वस्तू नेहमी सैल मोजायची." मग चाकावर हात ठेवून त्यांनी निकाल दिला, "यंत्र प्रामाणिक आहे. दाखला द्या."

येताना रिक्षात ते यंत्र त्यांनी मांडीवर घेतले होते. रस्त्यात म्हणाले, "मग आता लडी यावर लावायची म्हणतोस."

"हो अप्पा. तुमच्या खांद्याला आराम."

"हो, हो," अप्पा म्हणाले. "बरं झालं."

यंत्राचा शिकंजा आमच्या जेवणाच्या टेबलाला बसेना; टेबलाची कड जाड होती. सुतार आला. त्याने कड थोडी तासतो म्हणून इतकी तासली की बायको म्हणाली, टेबलाचा कोणीतरी लचका तोडलाय. तासताना टेबलाचा एक पाय सैल झाला. त्याखाली आधुनिक कवितांचा एक जाडजूड संग्रह ठेवावा लागला. त्या संग्रहाचा एवढा भक्कम उपयोग माझ्या हातून प्रथमच झाला.

पण यंत्र फिरू लागले तेव्हा मी सगळे विसरलो. एवढाल्या लड्या बघता बघता संपत. संध्याकाळी चहानंतर अप्पा नेहमीच्या वेळी येत, मोडा ओढून टेबलाशी बसत. बाह्या दुमडलेल्या. हात गुडघ्यांवर.

"मी काही धरू का?"

"काही नको, अप्पा. तुम्ही आराम करा."

'आराम करा' ही आपल्या भाषेतली फार सुसंस्कृत शिवी आहे, हे मला तेव्हा कळले नाही. एकदा त्यांनी "तेव्हा मी नोकरीत नवा होतो" एवढे म्हणून पाहिले. चाकाची खडखड मोठी होती. ते थांबले आणि खिडकीतल्या धावत्या आकड्यांकडे पाहत राहिले. ते स्वतः ज्याला दाखला देऊन आले होते, त्याच्याविरुद्ध तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

काही दिवसांनी मोडा रिकामा दिसू लागला. बायको म्हणाली, "अप्पा खाली बाईंकडे असतात. त्यांची लडी धरायला."

"म्हणजे? त्यांचा खांदा?"

"मला काय माहीत? मी कुठे त्यांचा खांदा तपासते."

मला राग आला. आपण ज्याला नोकरीतून सन्मानाने निवृत्त केले, त्याने समोरच्या दुकानात नोकरी धरावी, तसला राग. मी यंत्राचे चाक आणखी जोरात फिरवले आणि स्वेटर विणून पुरा केला. अंगावर घालून पाहिला तेव्हा अप्पांना तो तंतोतंत बसला. ते आरशासमोर उभे राहून म्हणाले, "माप चोख आहे रे." मग मी तो धुतला.

इथे लोकरीचा एक स्वभाव सांगायला हवा. तिला घट्ट ताणून गुंडाळली तर ती कुरकुर करत नाही. ताणलेली राहते, ताणलेलीच विणली जाते, आणि आपण खूश होतो. पहिल्या पाण्यात मात्र ती सुटकेचा श्वास सोडते आणि आपल्या मूळ लांबीला परत जाते. अप्पांच्या हातांवरच्या लडीला हे कधी करावे लागले नाही. माझ्या कातण्यात कुठे जाड कुठे बारीक असे धागे येत. जाड भाग आला की अप्पांचे मनगट आपोआप किंचित कले, डावे, मग उजवे, आणि धागा सुटून येई. मी त्यांच्याकडे पाहत नसे, पण ते धाग्याकडे पाहत. यंत्र कलत नसे. यंत्र ओढून घेई.

वाळलेला स्वेटर अप्पांनी घातला. बाह्या मनगटांच्या बऱ्याच अलीकडे थांबल्या. त्यातून त्यांचे ते दोन हात, वयाने बारीक झालेले, बाहेर आलेले. रोज समोर असूनही मी ते असे कधी पाहिले नव्हते.

"छान उबदार आहे," अप्पा म्हणाले आणि स्वेटर तसाच घालून खाली बाईंकडे गेले.

बाह्या वाढवायच्या तर आणखी लोकर हवी. मी कातली, लडी केली, धुतली, वाळवली आणि यंत्रावर चढवली. पहिलाच जाड धागा आला, मी चाक दाबून फिरवले, आणि चौकटीच्या काड्या एकामागून एक मोडल्या. आकड्यांच्या खिडकीत शून्य येऊन थांबले. शेवटपर्यंत प्रामाणिक.

मग मी लडी दोन खुर्च्यांच्या पाठींवर लावली. खुर्च्या हळूहळू एकमेकींकडे सरकत आल्या. बायकोने हात पुढे केले, पण तिला कारखान्यातून फोन आला आणि तिने तो नाकाने उचलण्याचा प्रयत्न केला. शेवटी विमावाले मदतीला धावले. बिचाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण त्या माणसाला हात न हलवता बोलताच येत नाही. "सर, समजा उद्या तुम्ही नसलात," असे म्हणून त्यांनी मी नसल्याचा अभिनय दोन्ही हातांनी करून दाखवला, आणि लडीचे जे झाले ते सोडवायला मला सुट्टीचा अख्खा दिवस लागला. त्यांचे अंगठीचे बोट शेवटी बाहेर आले.

सोडवलेली लडी खांद्यावर टाकून मी जिना उतरलो. अभिमान नावाची वस्तू प्रत्येक पायरीवर थोडी थोडी ठेवत गेलो.

बाईंचे दार उघडेच होते. अप्पा माझ्याकडे पाठ करून खुर्चीत बसले होते, आखूड बाह्यांचा स्वेटर, हात पुढे. त्यांवर बाईंची निळी लडी. समोर बाई गुंडा करत होत्या. इतक्या सावकाश, की गुंडा फिरतोय की थांबलाय ते कळत नव्हते. बाईंनी मला पाहिले आणि मुख्याध्यापिकेच्या एका भुवईने जागीच उभे केले.

अप्पा सांगत होते, "तर रडतोय तो हमसाहमशी. मी म्हटलं, अहो, तराजू बरोबर आहे, रडता काय? तर म्हणाला, साहेब, माझे वडील जाताना कानात सांगून गेले, आपला तराजू कमी तोलतो. दुरुस्तीला द्यावा तर लोकांना कळणार, वडिलांचं नाव जाणार. म्हणून तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला वर एक मूठ घालत आलो. साखर असो, तांदूळ असो, वर एक मूठ."

"अगं बाई!" बाई म्हणाल्या. "आणि तराजू चोख?"

"चोख."

"मग वडील खोटं बोलले?"

"कोण जाणे. मुलाच्या हातून मूठभर जास्तच जावं, असंही मनात असेल. तर तो मला विचारतो, साहेब, आता उद्यापासून मूठ घालू की नको?"

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

"मी काय सांगणार? आमच्या पेटीत मुठीचं वजन नव्हतं."

बाईंचा हात थांबला. तेव्हा माझे लक्ष त्या निळ्या लोकरीकडे गेले. ती सरळ नव्हती. तिला बारीक बारीक लाटा होत्या. विणलेले उसवले की लोकर अशी होते. टाके जातात, पण त्यांची वळणे ती विसरत नाही. आणि या लोकरीला एकावर एक किती विणींची वळणे होती, ते विणणाऱ्यालाच दिसावे. नातवाची टोपी केव्हाच झाली असणार. बाई दुपारी ती उसवत होत्या आणि लडी करून ठेवत होत्या. संध्याकाळसाठी.

"मुलाला ठाऊक आहे ही गोष्ट?" बाईंनी विचारले. माझ्याकडे न बघता.

"त्याला? कितीदा सांगितली! फार आवडीनं ऐकायचा," अप्पा म्हणाले. "माझा खांदा अगदी भरून यायचा हो. पण म्हटलं, दिवसभर पोरांपुढे बोलून दमून येतो, त्यालाही कोणीतरी काहीतरी सांगावं. म्हणून बसायचो."

मी खोकलो. दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते.

अप्पांनी मान वळवली. माझ्या खांद्यावरची लडी पाहिली.

"यंत्र?"

"मोडलं, अप्पा."

"अरेरे. प्रामाणिक होतं."

"हो."

"थांब जरा. बाईंचं संपू दे."

मी उंबऱ्याशी बसून वाट पाहिली. बाईंनी मला पुष्कळ वाट पाहायला लावली.

वर येऊन अप्पा बाल्कनीतल्या मोड्यावर बसले. बाह्या दुमडायची गरज नव्हती. मी लडी चढवली, टोक शोधले आणि गुंडाळू लागलो. धागा जाड आला, त्यांचे मनगट कलले. बारीक आला, सरळ झाले. मी वाट पाहत होतो. अप्पा धाग्याकडे पाहत होते.

"अप्पा, गोष्ट?"

"ती झाली की. दारात उभा होतास ना, ऐकलीस."

"सुरुवात नाही ऐकली."

अप्पांनी माझ्याकडे पाहिले. तराजूच्या काट्याकडे पाहावे तसे. मग बाल्कनीबाहेर, समोरच्या गच्चीकडे. "संपलेली गोष्ट पुन्हा कशी सांगायची?" ते म्हणाले, आणि त्यात रुसवा नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

इतक्या संध्याकाळी जी गोष्ट माझ्या वाट्याला आली होती, ती मी अर्ध्यावर टाकून सुया घेऊन पळत राहिलो. आणि आता शेवट कळल्यावर ती मला मागता येईना. आम्ही दोघे त्या धाग्याच्या दोन टोकांना नुसते बसून होतो. खाली बाईंच्या घरात दिवा लागला. त्या टोपी विणायला बसल्या असतील, उद्या उसवायला.

"खांदा दुखतोय का?" मी विचारले.

"छे."

मी हात आणखी सावकाश केला.

"घट्ट होतंय रे," थोड्या वेळाने अप्पा म्हणाले. "जरा सैल गुंडाळ."